जोतीरामांची आवळलेली मूठ

लकव्यानंतर मंगळवार पेठेतल्या जोतीरामांचा उजवा हात आखडला आणि मूठ काही केल्या उघडेना. फिजिओथेरपीवाली अवनी म्हणाली, "काका, शॉकवेव्ह देऊया."

"करंट लावून मारतीस व्हय गं?"

"करंट नाही हो, नुसते बारीक दणके. स्नायू सैल पडतात."

चौथ्या खेपेला बोटं उलगडू लागली. रोज हाताचा व्यायाम करा, असं अवनीनं बजावलं. पण घरी येताच जोतीरामांनी मूठ मुद्दाम आवळली, कारण चार महिने बायको, बाळाबाई, त्यांना घास भरवत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे लाड पहिल्यांदाच वाट्याला आले होते!

आठवडाभर नाटक चाललं. रविवारी बाळाबाई आणखी रस्सा आणायला आत गेल्या नि परतल्या, तर जोतीराम त्याच हातात मटणाची नळी धरून चोखत होते.

"हात बरा झालाय की वो!"

"आत्ताच झाला बघ," जोतीराम पुटपुटले.

हसू दाबत बाळाबाईंनी त्यांच्यापुढं लसणाचे गड्डे ओतले. "मग करा व्यायाम."

संध्याकाळपर्यंत कशाबशा सात पाकळ्या सोलून झाल्या. जोतीरामांनी त्या सगळ्या गल्लीला दाखवल्या.