रेघ आत घेतली नाही

मंडपाचे बांबू मैदानाच्या आतच रोवले होते. वर छत, खाली लाल जाजम, जाजमावर सोफे. मी फक्कीची पाटी घेऊन तशीच उभी राहिले. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. तिनं मैदानावर रेघा मारायच्या, हे माझं काम.

खडकीतलं मैदान आमचं. त्या दिवशी तिथं मुलींच्या फुटबॉलची फायनल होती. आदल्या दिवशी पाणी मारलं होतं, त्यात जुन्या रेघा गेल्या. मंडपवाले सकाळी माझ्या आधी येऊन गेले. त्यांना वाटलं, मोकळी जागा दिसतीय, द्या ठोकून.

मॅनेजर साहेब लगबगीनं आले. "मावशी, ह्या बाजूची रेघ जरा आत घ्या. मंडपाच्या अलीकडून मारा."

"मैदान अरुंद होईल, साहेब."

"मुलीच तर खेळणारेत. पुरेल तेवढं."

"पोरांच्या फायनलला मंडप गोलच्या मागं होता."

"तुम्ही फक्की मारा. प्लॅनिंग आम्ही करतो."

तेवढ्यात रेफरी मॅडम आल्या. तरुण बाई, गळ्यात शिट्टी, हातात टेप. त्यांनी माप घेतलं आणि सरळ सांगितलं, "एवढ्याशा मैदानावर फायनल होत नाही. खेळायचं तर खेळा, मी फ्रेंडली लिहीन." फ्रेंडली म्हणजे गमतीची मॅच. तिची हार-जीत कोणी धरत नाही.

हे ऐकून प्रणालीचं तोंड उतरलं. ती आमच्या टीमची कॅप्टन, रिक्षावाल्याची पोर. राज्याच्या टीमसाठी मुली निवडणारे सर त्या दिवशी येणार होते, आणि ते फ्रेंडली बघून कोणाला घेत नाहीत. वयाचा नियम असतो, पुढच्या वर्षी ती ह्या गटात बसणार नव्हती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

"मारताय ना, मावशी?" साहेबांनी परत विचारलं.

हे काम आधी माझा नवरा करायचा. तो गेल्यावर मला इथं झाडू दिला. फक्की द्यायला तयार नव्हते. बाईनं आखलेल्या मैदानात पोरं खेळतील का, म्हणाले. नंतर वाकून काम करायला गडी मिळेना, तेव्हा फक्की माझ्याकडं आली. चुन्यानं बोटं फाटतात, भाकरी थापताना झोंबतात. लेकरं लहान होती, तक्रार कुणाकडं करणार? पण आजवर एक रेघ वाकडी गेली नाही.

मी पाटी खाली ठेवली. "आत मारणार नाही, साहेब."

"मग दुसऱ्याला सांगतो."

"सांगा."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. दुसरं होतं कोण?

प्रणाली जवळ आली. हळूच म्हणाली, "मावशी, मंडप सुटतो का हो?"

"बांधलाय म्हणजे सुटणारच की."

पोरगी पळाली. तिच्या मागं तिची टीम, आणि बघते तर समोरची टीमसुद्धा. त्यांनाही फ्रेंडली नकोच होती. कोणी सुतळ्या सोडतंय, कोणी बांबू उपटतंय. साहेब रागानं सोफ्यावर जाऊन बसले.

"ए, सोफा धर ना! नखं काय बघतेस?"

"अगं, साहेब बसलेत त्यावर."

"बसू दे. साहेब, घट्ट धरा हं, सोफ्यासकट नेतो."

साहेब ताडकन उठले. "पाहुण्यांना उन्हात बसवणार का तुम्ही?"

"आम्ही कुठं सावलीत खेळणारोत, सर?"

तेवढ्यात पाहुण्या आल्याच. पोलिसातल्या मोठ्या मॅडम, पूर्ण वर्दीत. सोफे गोलच्या मागं चाललेले. साहेबांना घाम फुटला. "मॅडम, सॉरी, जरा गैरसोय झाली…"

"मॅच वेळेवर आहे ना?"

"हो, म्हणजे… हो."

"मग कसली गैरसोय?" असं म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि उन्हात उभ्या राहिल्या.

मी दोरी ताणली. बांबूंचे खड्डे मातीनं बुजवले, पायानं दाबले आणि रेघ जिथं असायची तिथंच मारली. कंबर सरळ करून बघितलं तर मैदानावर सगळ्या बायाच. शिट्टी बाईकडं, वर्दी बाईच्या अंगावर, खेळणाऱ्या पोरी, आणि रेघ माझी. रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून बघत होती. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

आमच्या पोरी हरल्या. शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. प्रणाली रडली, मग जिंकलेल्यांच्या कॅप्टनला मिठी मारून आली. पण मॅच फायनल म्हणून धरली गेली, आणि निवडणाऱ्या सरांनी तिला कॅम्पला बोलावलं. पुढं राज्याच्या टीममध्ये ती खेळली. अंगावर महाराष्ट्राचं नाव घालून मला दाखवायला आली होती.

साहेब बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या फायनलला मात्र आदल्या दिवशीच फोन आला, "मावशी, तुम्ही आधी आखून घ्या. मग मंडपवाल्याला बोलावतो."

हे बरं. मैदानात आधी रेघ पडावी. पाहुणे, सोफे, साहेब, सगळे तिच्या बाहेर मावतात.