कमरेइतकं पाणी

वहिनी एकदा कामाला लागली की ती कुणाची वहिनी नसते, असं तिचा धाकटा दीर चारचौघांत सांगायचा. बांधकामाच्या जागेवर पूर आला तर पाणी कुठवर चढेल आणि मग काय काय करावं लागेल, हे काढून देणं हा तिचा धंदा. आता दिरानेच ओढ्याकाठी जागा घेतली होती, पाच दुकानं बांधायला.

"घरचंच काम आहे वहिनी, जरा हात राखून लिहा ना."

"मस्का पुरे, भाऊजी. टेप धरा."

त्यातलं पाचवं दुकान सासऱ्यांचं. बाबा टेलर, हाडाचे गप्पिष्ट. पाय गेल्यापासून चाकाच्या खुर्चीत बसून आतल्या खोलीत शिवायचे. "भिंतीशी किती बोलू? मला रस्त्यावर बसवा रे," हे त्यांचं रोजचं पालुपद. दुकान जमिनीलगत असलं तरच खुर्ची आत जाणार होती.

वहिनीची पद्धत साधी होती. ज्याने पूर पाहिला त्याला तिथेच उभं करायचं, पाणी अंगावर कुठवर होतं ते विचारायचं आणि टेप लावायचा. ओढ्याचा तो मोठा पूर पाहिलेले आता एकटे बाबाच उरले होते. त्यांना उभं राहता येईना, म्हणून दीर उभा राहिला आणि बाबांनी खुर्चीतून त्याच्या कमरेला बोट लावलं.

"इथवर. कमरेइतकं."

झालं! एवढं पाणी म्हणजे दुकानांना पाच-सहा पायऱ्या, आणि तेवढ्या लांब उताराला पाच दुकानांपुढे जागाच नाही. दिराचं तोंड एवढंसं झालं. बाबांनी खुर्ची घराकडे वळवली, हेच वहिनीला जास्त लागलं.

चहा पिताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "बाबा, तेव्हा तुम्ही केवढे होता हो?"

"असेन पाच वर्षांचा."

"अहो, मग कंबर पाच वर्षांच्या पोराची, आणि मी टेप लावला या घोड्याला!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पोराची कंबर म्हणजे मोठ्या माणसाचा गुडघा, फार तर थोडं वर. तीन पायऱ्या आणि छोटासा उतार, की काम फत्ते! दीर तिथल्या तिथे नाचला. वहिनीला मात्र स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं हे काम करून एवढं साधं विचारायचं राहून गेलं होतं.

जेवणं झाल्यावर ती अहवाल लिहायला बसली. खुर्ची कुरकुरत दारात आली.

"सूनबाई, लिहू नकोस."

"का हो?"

बाबांनी मांडीवरच्या कपड्याची सुरकुती दोनदा सरळ केली. "मी पाण्यात उभा नव्हतो. ताईच्या कडेवर होतो, ती चांगली लग्नाला आलेली. मला कमरेइतकं म्हणजे तिच्या छातीला लागलं होतं. सकाळी विसरलो, देवाशपथ. चहाच्या वेळी आठवलं, पण तुम्ही एवढे हसत होता... आणि मलाही ते दुकान हवं होतं गं."

वहिनीने पेन खाली ठेवलं. डोळे भरून आले. "आता पायऱ्या वाढतील, बाबा."

"वाढू देत. बाकीच्या दुकानांत कुणाची तरी पोरंबाळं बसतील. माझ्या हौसेपायी त्यांना बुडवू?"

दुसऱ्या दिवशी तिने दिराला सगळं सांगितलं: दुकानं खांबांवर घ्यायची, खाली गाड्यांसाठी मोकळं ठेवायचं म्हणजे पाण्याला वाट मिळेल, विजेचे मीटर वर. दीर तणतणला, पाय आपटत बाहेर गेला आणि दुपारी नवा नकाशा घेऊन आला. त्यात चारच दुकानं होती. उरलेल्या जागेत वळणं घेत वर जाणारा लांबलचक उतार, आणि उतार संपतो तिथलं पहिलंच दुकान बाबांचं.

बाबा कडाडले, "माझ्यापायी अख्खं दुकान घालवतोस? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"मग खरं कशाला बोललात? गप्प बसला असता तर पाच झाली असती!"

"आणि बुडाली असती, गाढवा!"

"तेच म्हणतोय मी. आता गप्प बसा आणि खुर्चीचं माप घेऊ द्या."

दीर टेप घेऊन खाली वाकला. जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या बाबांनी गिऱ्हाइकासारखे दोन्ही हात बाजूला पसरले, आणि नाक ओढत म्हणाले, "जरा सैलच धर रे."