झिजलेल्या कडांची साक्ष

दागिने दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात ती लागली ती केर काढायला. नवरा आजारपणात गेलेला, पदरात एक मुलगी आणि शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचं. पण अशा दुकानातला केर काही साधा नसतो. त्यात सोन्याचा कीस असतो, कधी निसटलेला खडाही सापडतो, म्हणून तो चाळूनच टाकायचा. पहिल्याच आठवड्यात तिने केरातून तीन खडे वेचून म्हाताऱ्या पारख्यापुढे ठेवले.

"यातला हिरा कुठला गं?" त्याने सहज विचारलं.

"सगळेच चमकतायत की."

"चमकायला काय, घासलेलं पातेलंही चमकतं. यात एक हिरा आणि दोन गारगोट्या आहेत. पैलू पाडले म्हणून गारगोटीची जात बदलत नाही."

तिला ते लागलं. फरक आपल्याला दिसत नाही म्हणजे काय! दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवून ती म्हाताऱ्याशेजारी स्टूल ओढून बसू लागली. त्यानेही हातचं राखून ठेवलं नाही. खड्यावर तोंडाची वाफ सोडायची; हिऱ्यावरची वाफ बघता बघता नाहीशी होते, गारगोटीवरची जरा रेंगाळते. सुटा खडा वर्तमानपत्रावर पालथा ठेवायचा. गारगोटीतून खालची अक्षरं दिसतात, नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यातून वाचता येत नाहीत. सारख्या मापाचे दोन खडे तोलले तर हिरा जड भरतो. दिसेल त्या खड्यावर ती वाफ सोडत सुटली, तेव्हा कारागिरांनी तिचं नावच पाडलं, फुंकरबाई. तिने ते मनावर घेतलं नाही. नाव ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांना हिरा ओळखता येत नव्हता, हे तिने केव्हाच ताडलं होतं.

पुढे म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याने काम सोडलं. मालक नवा माणूस शोधू लागले, तशी ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला बसवा त्या खुर्चीवर."

"तुला? आणि केर कोण काढणार?"

"केरही काढीन. महिनाभर बघा. एक खडा चुकला तर खुर्चीचं नाव काढणार नाही."

महिन्याभरात एकही चुकला नाही. मालकांनी खुर्ची दिली, पण मागच्या खोलीत. गिऱ्हाइकांसमोर यायचं नाही, ही अट. सहा वर्षं ती त्या कोपऱ्यात दिव्याखाली बसून काम करत राहिली.

एका दुपारी पुढच्या बाजूला आवाज चढले. एक नणंद आणि तिची भावजय अशा दोघीजणी आल्या होत्या. भांडण होतं सासूबाईंच्या अंगठीवरून. सासूबाई शेवटची तीन वर्षं सुनेकडे होत्या. त्या गेल्यावर अंगठी लेकीकडे आली, आणि कुणीतरी तिला सांगितलं की हा हिराच नाही.

"खडा हिनेच बदलला," नणंद सगळ्यांदेखत म्हणाली. "आईचं सगळं हिच्याच हातात होतं."

भावजयीच्या पर्सचा पट्टा तिच्या मुठीत पिळवटून गेला होता.

मालकांना वाद मिटवायचा होता. त्यांनी काचेच्या तुकड्यावर खडा ओढला, काचेवर चरा उठला. "झालं! हिराच आहे. आता भांडू नका."

"मला नाही पटत. ठेवा हातोड्याखाली," नणंद हटून बसली. "खरा हिरा फुटत नसतो."

मालकांनी खरोखरच हातोडी उचलली. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं.

"थांबा! घाव बसला तर खरा हिराही फुटतो," फुंकरबाई म्हणाली. "चरा न पडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. आणि काच तर गारगोटीनेही कापली जाते."

मालकांनी डोळे वटारले. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. अंगठी घेतली, वाफ सोडली, मग भिंगाखाली धरली.

"ही गारगोटीच आहे."

"ऐकलंस?" नणंद भावजयीवर गरजली.

"सांगितलंस ना? आता जाऊ दे त्यांना," मालक दबक्या आवाजात म्हणाले.

"माझं बघून झालेलं नाही."

ती अंगठी फिरवून फिरवून बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने भिंग नणंदेपुढे धरलं. "तुम्हीच बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

नणंद नाइलाजाने वाकली.

"पैलूंच्या कडा बघा. हिऱ्याच्या कडा वर्षानुवर्षं धारदार राहतात. या गोल झाल्यात. रोजच्या धुळीने, कामाने गारगोटी झिजते, पण एवढी झीज तीन वर्षांत होत नाही. आता खडा धरणारी ही सोन्याची चार नखं बघा. खड्याबरोबरच घासून सपाट झालीत. खडा बदलायचा तर ती उचलावी लागतात. उचलल्याची खूण दिसते कुठे?"

नणंद बराच वेळ भिंगातून बघत होती. डोकं वर केलं तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "म्हणजे आईला पहिल्यापासूनच...?"

"कुणी बसवला ते खडा सांगत नाही. पण या वहिनींनी बदललेला नाही. हे मी कुठेही सांगेन."

नणंदेने माफी मागितली नाही. अंगठी तिथेच टाकून ती तडक निघून गेली. भावजयीने ती उचलली, रुमालाने पुसली आणि आपल्या बोटात घातली. "सासूबाई भांडी घासतानासुद्धा काढत नव्हत्या," एवढंच ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

आठवड्याने नणंद एकटीच परत आली. सगळ्या नातेवाइकांत तिने भावजयीची बदनामी केली होती. आता त्याच लोकांसमोर जाऊन खरं सांगायचं होतं. "तुम्ही सांगितलंत ते लिहून द्या," ती खाली बघत म्हणाली.

"मी टाइप करून देतो," मालक पुढे झाले.

"नको. बघितलं मी, तर लिहीनही मीच." फुंकरबाईने मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरात सात ओळी लिहिल्या. दोन ठिकाणी चुकलं, ते खोडलं, आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.

नणंद गेल्यावर ती मालकांकडे वळली. "उद्यापासून माझं टेबल पुढच्या खिडकीशी लावा. तिथे उजेड चांगला येतो."

मालक तोंड उघडणार होते. पण ती तोवर टेबलाचं एक टोक धरून उभी होती, त्यामुळे दुसरं टोक त्यांना धरावंच लागलं.