पुढल्या सालाची शिकार

एकही जनावर न मारता उभ्या कोल्हापुरात नामांकित शिकारी म्हणून मिरवलेला माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. हे मी चेष्टेने म्हणत नाही. त्यांच्याकडे दुनळी बंदूक होती, तिचं रीतसर लायसन होतं, खाकी हॅट होती, पोटरीपर्यंत येणारे बूट होते आणि गळ्यात अडकवायचा थर्मास होता. नव्हती ती फक्त शिकार. इतरांच्या शिकारकथेत ऐन मोक्याला झाडीतून वाघ निघतो, आतोबांच्या कथेत ऐन मोक्याला खिडकीतून वनखात्याचा कारकून डोकावत असे. संध्याकाळी त्यांच्या लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर माणसं जमत, आणि आतोबा आवाज खाली आणून सांगत, "मी अर्ज पुढं सरकवला. त्यानं चष्मा कपाळावर घेतला. वाचला. परत वाचला. आन् म्हनला, पावणं, नियम बदललाय." ऐकणारे हळहळत. मग आतोबा मांडीवर थाप मारून उठत आणि म्हणत, "हरकत न्हाय. पुढल्या साली."

हे 'पुढल्या साली' मुळात त्यांचं नव्हतं, त्यांच्या वडिलांचं होतं. वडील लाकडाचे व्यापारी. साग बघायला ते खानापूरच्या बाजूच्या जंगलात जात आणि काम आटोपलं की तिथंच चार दिवस शिकार करत. आतोबा आठ-नऊ वर्षांचे असताना एकदा त्यांनाही बरोबर नेलं. ओढ्याकाठी एक जांभूळ होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक सपाट दगड. वडील दगडावर बसले, पोराला शेजारी खाली मुळावर बसवलं. दिवस कलता कलता समोर पाण्यावर सांबर आलं, चांगला मोठा नर. वडिलांनी बंदूक उचलली, एकवार पोराकडे पाहिलं आणि परत मांडीवर ठेवली. कानाशी वाकून म्हणाले, "आज न्हाय. पुढल्या साली येऊ. तवा बंदूक तुझ्या हातात दीन." पुढलं साल उजाडायच्या आत वडील विषमज्वराने गेले. ही गोष्ट आतोबांनी मला अनेकदा सांगितली असेल, आणि दरवेळी 'तुझ्या हातात' म्हणताना ते आपला पंजा उघडून त्याच्याकडे बघत राहत. मग एकदम भानावर येऊन माझ्यावर खेकसत, "चहा सांग की रं, बघत काय बसलाईस!"

वखार सावरून, बहिणींची लग्नं उरकून, बंदूक आणि लायसन हाती येईपर्यंत आतोबांनी पस्तिशी ओलांडली होती, आणि नेमकी तेव्हाच राज्यांची फेरमांडणी झाली. जंगल जागचं हललं नाही, वखारही हलली नाही, पण मधून हद्द गेली, जांभळाचं झाड म्हैसूर राज्यात पडलं आणि आतोबा घरबसल्या परराज्यातले शिकारी झाले. मोठ्या शिकारीचा परवाना स्थानिकांना वेगळा, बाहेरच्यांना वेगळा, हे त्यांना खिडकीशी गेल्यावर कळलं. पुढच्या साली ते बाहेरच्यांचा अर्ज घेऊन गेले, तर बाहेरच्यांनी आपल्या जिल्ह्यातून ना-हरकत आणायची असं निघालं होतं. ती हरकत नसल्याची चिठ्ठी टेबलाटेबलांवरून फिरत त्यांच्या हाती पडली तेव्हा शिकारीचा हंगाम संपून ओढे भरून वाहत होते. त्याच्या पुढच्या साली जंगलाचे भाग आधी स्थानिकांना वाटून उरलेले बाहेरच्यांना द्यायचे ठरलं, आणि आतोबांच्या वाट्याला जो भाग आला त्यात ना ओढा होता ना जांभूळ. आतोबांनी तो नमस्कार करून परत केला. मी एकदा म्हटलं, "आपल्या बाजूला काय जंगल कमी आहे? गगनबावड्याकडं मागा की परवाना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच बोललो असं झालं. "तुझं लगीन एकीशी ठरलंय," ते म्हणाले, "आन् जवळ पडतंय म्हणून तू शेजारच्या मांडवात जाऊन हुबा ऱ्हाशील व्हय?"

कुणी म्हणे, कशाला परवान्याचं लचांड, जंगलात कोण बघतंय, एक बार काढा आणि या. तसं करणारे पेठेत काही कमी नव्हते. पण हा विषय निघाला की आतोबांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. "बापानं मला राजरोस शब्द दिलाय. त्यो मी चोरून घिऊ व्हय?" शिरोळला त्यांच्या ओळखीच्या एका बागायतदाराने उसात घुसलेलं रानडुक्कर मारलं आणि आम्हाला जेवायला बोलावलं. पंगत बसली, रश्शाचा घमघमाट सुटला, वाढपी आतोबांच्या ताटाशी आला, आणि आतोबांनी वाटीवर हात धरला. म्हणाले, "परवाना हाय न्हवं?" यजमानाला वाटलं, पाहुणे थट्टा करताहेत. तो खो खो हसला. आतोबांचा हात वाटीवरून हलला नाही. शेवटी त्यांनी भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याच्या चटणीवर जेवण केलं आणि निघताना यजमानाला मनापासून सांगितलं, "जेवाण झ्याक हुतं."

मग एका साली ठराविक लांबीपेक्षा आखूड शिंगांचं सांबर मारायचं नाही, असा नियम आला. आता जिवंत सांबराच्या शिंगाला फीत कोण लावणार? ती लांबी लांबूनच ओळखता आली पाहिजे, आणि सराव करायला कोल्हापुरात सांबरं कुठून येणार? पण म्हशी होत्या. आतोबा रोज सकाळी गंगावेशीत जात. तिथं गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून देत असत. आतोबा वीस पावलं लांब उभे राहून एक डोळा मिटून म्हशीकडे टक लावत, मनाशी आकडा धरत आणि मग खिशातून फीत काढून खात्री करायला पुढे होत. पहिले दोन-तीन दिवस गवळ्याने सोसलं. मग एका सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत तो म्हणाला, "मालक, दूध घेनार का शिंगं? म्हस बिचकून दूध चोराय लागलीया." आतोबांनी शांतपणे दूध घेतलं, दामटून दोन शेर घेतलं, आणि फीत लावलीच. पुढे त्यांची नजर इतकी बसली की एखादा लांब मिशांचा माणूस रस्त्याने गेला तरी ते त्याच्या मिशांचं माप सांगत. आणि नजर बसली त्याच साली कारकुनाने चष्मा कपाळावर घेतला. आता बाहेरच्या शिकाऱ्याबरोबर तिथलाच रहिवासी असलेला बंदूकवाला लागेल.

असा बंदूकवाला आतोबांनी कुठून मिळवला असेल? सोयरीक करून. माझ्या आतेबहिणीचं लग्न जमवायचं चाललंच होतं. कागलचं एक चांगलं नोकरदार स्थळ सांगून आलेलं असताना आतोबा खानापूरपलीकडच्या एका खेड्यातलं स्थळ घेऊन आले. बैठकीत मुलाचं शिक्षण, शेती, घरची माणसं हे सगळं आत्याने विचारलं. आतोबांनी मुलाच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला, "तुमची बंदूक लायसनची हाय न्हवं?" घरी आल्यावर आत्याने भांडी अशी काही आपटली की वखारीतले हमाल आत बघून गेले. "पोरीला देताय का जंगलखात्यात अर्ज देताय?" ती म्हणाली. पण आतेबहीण बापाचीच लेक. तिने मुलाशी चार शब्द बोलून घेतले होते. ती म्हणाली, "आई, पोरगा बरा हाय, मला पसंत हाय. बंदूक काय ती आप्पास्नी बघू दे." लग्न थाटात झालं, संसारही दृष्ट लागण्यासारखा झाला. व्याह्यांची बंदूक मात्र वर्षानुवर्षं खुंटीला होती आणि तिच्या एका नळीत कुंभारमाशीने घर केलं होतं. आतोबांनी ते स्वतः साफ करून दिलं.

आणि लग्नानंतरचा पावसाळा सरला तशी शिकारच बंद झाली. बहात्तरनंतरचा तो काळ. नवा कायदा आला, म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं आणि त्या सगळ्या पट्ट्यात बंदुकीला मनाई झाली, स्थानिकालाही आणि बाहेरच्यालाही. बातमी मीच वाचून दाखवली. जनावरं उरली नव्हती, बंदी हवीच होती, हे मला पटत होतं आणि आतोबांनाही पटत होतं. तरी त्यांचं तोंड बघून मला रडू आलं. ते बराच वेळ हॅटच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "उठंल की बंदी. पुढल्या साली." आणि पुढची काही वर्षं दर दिवाळीनंतर ते बंदुकीला तेल देत राहिले. त्या तेलाचा वास आला की आत्या आत निघून जाई.

एका संक्रांतीला मी त्यांच्याबरोबर आतेबहिणीकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर अंगणात आतोबांनी व्याह्यांना जांभळाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत त्यांनी त्यांना परवान्यांबद्दल सगळं सांगितलं होतं, झाडाबद्दल कधीच नाही. व्याही बीगरे बीगरे म्हणत ऐकत होते, तिकडे व्याह्याला बीगर म्हणतात. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "सपाट दगुड हाय तेच काय हो? गाववाट जाती की तिथनं. आमची गुरं पाणी पितात रोज."

आतोबा बघतच राहिले. "जायला चालतंय?"

"न चालायला काय झालं? बंदूक न्यायची न्हाई. नुसतं जायला कुणी परवाना मागत न्हाई बीगरे. आमच्या म्हशीला कोण दिलाय परवाना?"

आयुष्यभर मोठ्या शिकारीच्या परवान्यासाठी झुरलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, की नुसतं जाता येतं. आतोबा खालच्या आवाजात म्हणाले, "रिकाम्या हातानं कसं जायाचं?" मग आतेबहीणच आतून त्यांची हॅट घेऊन आली आणि तिने ती त्यांच्या हातात दिली.

आम्ही तिघे निघालो. बूट, हॅट, थर्मास, सगळा थाट होता. फक्त बंदूक नसल्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. झाड लांबून दिसलं तेव्हा त्यांनी चालणं हळू केलं. जांभूळ होतं, ओढा होता, दगडही होता. आतोबा दगडावर बसले. थोडं चुळबुळले. दोन्ही बाजूंना सरकून पाहिलं. मग सावकाश उठले, खाली उतरले आणि शेजारच्या मुळावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. तो पांढऱ्या मिशांचा दांडगा माणूस त्या मुळावर मावत नव्हता. दगड रिकामा राहिला. दमलेले व्याही त्यावर बसायला निघाले, तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

सांबर काही आलं नाही. गावच्या म्हशी आल्या, पाणी पिऊन गेल्या, आणि आतोबांनी एकीच्याही शिंगांचं माप सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने परतताना मी त्यांच्या 'पुढल्या साली'ची वाट पाहत होतो. निपाणी गेली, कागल आलं, आतोबा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी न राहवून मीच विचारलं, "आतोबा, पुढल्या साली परत?"

"आता कशाला रं?" ते म्हणाले. "बसून आलो की."

त्या साली बंदुकीला तेल दिलं गेलं नाही. आत्याच्या घरी दिवाळीनंतर गेलं की मला तो तेलाचा वास अजून हवासा वाटतो.