दोन मुखपृष्ठांची पुस्तिका

मुलीच्या पहिल्या लसीच्या दिवशी क्लिनिकमधल्या नर्सने माझ्या हातात एक पुस्तिका दिली. कुठल्या महिन्यात मुलाने काय करायला हवं, त्याची वाढ कशी ओळखावी, आईबापांनी त्याच्याशी काय खेळावं, असं सगळं तीत होतं. डावीकडून उघडली की इंग्रजी, उजवीकडून उघडली की अरबी. दोन्ही मुखपृष्ठांवर चित्र एकच होतं, आईच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या तान्ह्या बाळाचं. दोन्ही भाषा पाच वर्षांच्या पानाशी मध्ये येऊन भेटत. इथे आखातात अशा पुस्तिका सगळीकडेच मिळतात, म्हणून त्यात तेव्हा काही विशेष वाटलं नाही. मुलगी जाऊन आता दीड वर्ष होईल. पुस्तिका माझ्याकडे आहे.

मी शाळेपासूनच छापील शब्दावर विश्वास ठेवणारी. लग्नाआधी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. इथे करामा वस्तीतल्या दोन खोल्यांत, नवरा जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसला गेला की दिवसभर बोलायला कुणी नसे. बाळ कसं वाढवायचं ते सांगणारी वडीलधारी बाई फोनच्या पडद्यावर भेटायची, तीही संध्याकाळी अर्धा तास. मग मी पुस्तिकेचंच बोट धरलं.

प्रत्येक वाक्यापुढे एक रिकामा चौकोन होता. आवाजाच्या दिशेने मान वळवते. आधाराशिवाय बसते. चमचा धरते. मी निळ्या पेनने खुणा करत गेले. पुढच्या पानावर ठोकळे एकावर एक रचायचे आहेत असं दिसलं, तर महिनाभर आधीच ठोकळे आणून सराव सुरू केला.

"अगं, पोर आहे की दहावीचा वर्ग?" सासूबाई पडद्यावरून म्हणाल्या.

"आई, बघा तरी, चार ठोकळे रचले तिने."

"रचले गं बाई. आता पाडू दे तिला. पाडण्यातच खरी मजा असते."

"पाडायला मार्क नाहीत, आई," नवरा मागून म्हणाला, आणि मुलीने तेवढ्यात हात फिरवून सगळे ठोकळे पाडले. तिघंही हसलो. आम्ही का हसलो ते न कळताच तीही हसली.

दोन वर्षांच्या पानावर होतं, दोन शब्द जोडून बोलते. "बाबा गेला." "अजून पाणी." मी खूण केली आणि पान उलटलं.

मग ती नर्सरीत जायला लागली. इथल्या मराठी घरांत हे ठरलेलंच असतं. मूल नर्सरीत गेलं की घरी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागतं, आईबाप थोडे खंतावतात, थोडे मिरवतात. पाणी गेलं आणि वॉटर आलं. "खलास! संपली हिची मराठी," नवरा म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "माझी नात मला हाय म्हणते. मी काय म्हणू, हॅलो मॅडम?" दोन भाषा ऐकणारी मुलं काही काळ गोंधळतात, असं पुस्तिकेतल्या एका चौकटीत होतं. मी त्याखाली रेघ मारून ठेवली होती.

त्या रेघेच्या भरवशावर आम्ही काही महिने काढले. चिमणी गेली आणि तिच्या जागी बर्ड आला नाही. मी म्हटलं, येईल. 'अजून' गेलं, त्याच्या जागीही काही आलं नाही. मग सासूबाईंना हाय म्हणणंही थांबलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "रुसली असेल माझ्यावर." ती चालताना अडखळायला लागली, बूट सैल होत असतील म्हणून करामाच्या बाजारातून अर्धा नंबर लहान बूट आणले. वॉटरही गेलं. तहान लागली की ती माझं बोट धरून फ्रिजकडे ओढायची आणि मला त्यात तिचा हट्टीपणा दिसायचा.

नर्सरीतल्या बाईंनी एकदा दारात थांबवून विचारलं, ती रात्री नीट झोपते ना, वर्गात हरवल्यासारखी बसून असते. त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर मूळच्या दिल्लीच्या, आमच्याशी हिंदीत बोलत. "दो शब्द जोड़कर बोलती है?" त्यांनी विचारलं.

"जी, बोलती है," मी म्हणाले आणि पिशवीतून पुस्तिका काढून ते पान उघडून दाखवलं. निळ्या खुणा ओळीने होत्या. आतून मला थोडा अभिमानही वाटत होता, हे मी लपवत नाही.

"ये टिक कब का है?"

"दो साल की थी, तब का."

"और आज सुबह? आज सुबह क्या बोली?"

मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्या सकाळी ती काही बोलली नव्हती. आदल्या दिवशीही नाही. तिचा शेवटचा शब्द कुठला आणि तो कधी ऐकला, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येईना. खूण केली की तो प्रश्न संपला असं मी धरून चालले होते. मागच्या पानावर मी एकदाही परत गेले नव्हते.

रक्ताचे नमुने बाहेरच्या देशात गेले. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं. दोष जन्मापासूनचा होता, मेंदूत उतरत जाणारा. ती जे शिकली होती ते एकेक करून जाणार होतं आणि मग तीही. मी विचारलं, नर्सरीच्या पहिल्या महिन्यातच आलो असतो तर? "फ़र्क़ नहीं पड़ता. आप ऐसा मत सोचिए," डॉक्टर म्हणाल्या. दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली, त्यामुळे पहिलं खरं होतं की केवळ दुसऱ्यासाठी म्हटलेलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

घरी येऊन मी पुस्तिका उलटी फिरवली. अरबी मला वाचता येत नाही, पण चित्रं तीच होती. या वेळी पेन्सिल घेतली. मधल्या पानापासून निघाले, दुसऱ्या मुखपृष्ठाकडे. दोन्ही पायांवर उडी मारणारी मुलगी. फुली. जिना चढणारी. फुली.

"काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"लिहून ठेवतेय. या वेळी चुकायला नको."

"कोण तपासणार आहे?"

मी पुढचं पान उलटलं. तो शेजारी बसला आणि त्याने एका चित्रावर बोट ठेवलं.

"चमचा आहे अजून," तो म्हणाला. "काल धरला होता."

"परवा."

"काल गं. मी होतो ना."

मी चमच्यावरची फुली खोडली. पुढच्या आठवड्यात पुन्हा केली.

पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांवर लिहिलं होतं, बाळाच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून बोला, मग थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. आम्ही ते पुन्हा सुरू केलं. सासूबाईही पडद्यावरून बोलायच्या आणि थांबायच्या. त्यांनी टोमणे मारणं सोडून दिलं होतं. मला ते टोमणे हवे होते.

सगळी पानं जातील हे मी मान्य केलं होतं. फक्त मुखपृष्ठ तिच्याकडे राहावं, एवढंच माझं मागणं होतं. तिने मला ओळखावं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर थांबायची, तशी पंख्यावरही थांबायची आणि खिडकीच्या उजेडावरही. नवरा म्हणायचा, "ओळखते ती तुला." मी मात्र हळूच एका बाजूला सरकून बघायचे, डोळे माझ्यामागे येतात का. कधी यायचे, कधी नाही. ही परीक्षा मला थांबवता आली नाही.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दुपारी ती पलंगाच्या डाव्या बाजूला बघत होती आणि मी तिथेच उभी होते. ती माझ्याकडेच बघते आहे असं वाटलं. खात्री करून घ्यावी म्हणून मी पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेले.

तिचे डोळे डावीकडेच राहिले. मी मघाशी जिथे उभी होते तिथे.