टेंभरे काकूंचा अंदाज

टेंभरे काकूंच्या दुकानात कॉम्प्युटरच्या की-बोर्डवर कायम एक लाल दुपट्टा पांघरलेला असायचा. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला पोरगा किंवा पोरगी एकटी आली, की तो दुपट्टा जागचा हलत नसे. "बापाले आन," काकू म्हणायच्या, "नाई त मायले आन. घरात किती येते ते लेकराले का मालूम?" पोरगं मुकाट्यानं बसस्टँडकडे वळायचं आणि दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन हजर व्हायचं.

हे सगळं मला बसल्या जागेवरून दिसायचं. अर्जुनी मोरगावच्या आमच्या कॉलेजातली माझी खिडकी आणि काकूंचं झेरॉक्सचं दुकान यांच्या मधे फक्त रस्ता. कॉलेजातला स्कॉलरशिपचा बाबू मी. शासनाचे निर्णय तारखेवार लावलेल्या सात फायली माझ्या कपाटात. कुणाला निम्मी फी मिळते, कुणाला पूर्ण, मला तोंडपाठ. काकू बारावीपर्यंत शिकलेल्या. तरी "आमाले किती भेटन?" हा प्रश्न घेऊन पोरं आधी रस्ता ओलांडायची आणि माझ्याकडे यायची ती शिक्का मारून घ्यायला. मला काकूंचा हेवा वाटायचा. थोडाफार वाटायचा, असं लिहून मी आता चांगुलपणा मिरवणार नाही. चांगला पोटभर वाटायचा.

अगदी गरिबाघरच्या पोरांचं काम सोपं असतं. खरी पंचाईत मधल्यांची. मास्तरची पोरगी, किराणा दुकानदाराचा पोरगा, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर सात-आठ एकर धान करणाऱ्याची दोन लेकरं. यांचं उत्पन्न नेमकं सरकारी मर्यादेच्या आसपास घुटमळतं. यंदा आत, पुढच्या वर्षी बाहेर. काकू अशा बापांना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून खोदून खोदून विचारायच्या. "धान कोनाच्या नावानं देला? धानाचा बोनस कोनाच्या खात्यात पडला? घरवाली शिलाई करते का?"

"बाई, हे सारं कायले पाह्यजे?" एकदा एक बाप वैतागून म्हणाला.

"कायले म्हनजे? पोरीले अर्ध्यातून कॉलेज सोडाले लावता का?"

मग काकू बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं एक आकडा लिहून द्यायच्या. "हे धरून चाला जी. याच्यावर भेटलं त मले समोसा."

आकडा नेहमी कमीच असायचा. त्यामुळे हिवाळ्यात खात्यांवर पैसे पडायला लागले, की कागदाच्या पुड्या घेऊन पोरं काकूंच्या दारात. तळणाचा वास रस्ता ओलांडून माझ्या खिडकीत यायचा. वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी समोसा आणला नाही. मी आकडा बरोबर सांगायचो, म्हणून असेल.

एकदा एका पोराच्या हातातला काकूंचा आकडा पाहिला आणि न राहवून मी गेलो. म्हटलं, "काकू, त्या पोराला नियमानं निम्मी फी मिळते. तुम्ही कमी का सांगितलं?"

"नियमानं भेटते न, बाबूजी. पन कदी भेटते, ते नियमात लिवलं आहे का?" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. मी आल्या पावली मागे फिरलो. कॉलेजात परत येऊन शिपायाला मात्र सांगितलं, की बाईंना चांगलं सुनावून आलो.

मग माझ्याच मुलीची, श्रुतीची, बारावी झाली. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. नागपूरचं एक खाजगी कॉलेज तिच्या मनात भरलं होतं. फी माझ्या आवाक्याबाहेरची. पण मर्यादेच्या आतल्या घरच्या मुलींचं शिक्षण शुल्क सरकार भरतं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पूर्ण माफ होईल. लाव कॉलेजांच्या यादीत पहिल्या नंबरावर." नातेवाइकांनाही सांगून मोकळा झालो.

दोन दिवसांनी श्रुती माझ्यासमोर येऊन खाली मान घालून उभी राहिली. "बाबा, मी काकूंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, बापाले आन."

स्कॉलरशिपच्या बाबूची पोरगी स्कॉलरशिपचं विचारायला समोरच्या दुकानात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी गेलो. काकूंची एकदाची जिरवावी, म्हणूनच गेलो. त्याच स्टुलावर बसलो. काकूंनी दुपट्टा काढला नाही. एकच विचारलं, "मागच्या वर्षी एरियर्स भेटले न जी तुमाले? तुमच्या कॉलेजच्या मास्तरांनी त्याच्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडूनच काढली होती. ते धरले का?"

"मला शिकवू नका," असं म्हणून मी उठलो. मागे काकू श्रुतीला शांतपणे म्हणाल्या, "शून्य धरून चाल, बाई."

ऑफिसात येऊन मी स्वतःच्या पगाराचे कागद काढले. थकलेल्या वेतनवाढीचे पैसे मागच्या आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये, एकरकमी जमा झाले होते. त्यांतून घराचा स्लॅबही टाकला होता, आणि तेच मी विसरलो होतो. आम्ही मर्यादेच्या बाहेर होतो. हजारो पोरांचे फॉर्म तपासणाऱ्या माणसानं स्वतःचं उत्पन्न चुकवलं होतं. नागपूरला प्रवेश झाला असता, तर पहिल्या वर्षाची पूर्ण फी अंगावर पडून पोरीला मधूनच घरी बसवावं लागलं असतं.

घरी कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत पोचलो, तर श्रुतीनं यादी आधीच बदलली होती. चंद्रपूरचं सरकारी कॉलेज वर, नागपूर खाली. काकूंच्या एका वाक्यावर. माझी चूक उघडी होण्याआधीच तिनं कुणाचं खरं धरायचं ते ठरवलं होतं, आणि हेच मला सर्वांत जास्त लागलं. काकूंनी ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. बोभाटा केला असता, तर निदान त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं.

या हिवाळ्यात काकू गेल्या. हृदयविकाराचा झटका आला, गोंदियाला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. श्रुती तिसऱ्या वर्षाची सेमिस्टर परीक्षा देऊन चंद्रपूरहून गाडीनं आली, ती घरी न येता थेट दुकानासमोर गेली. बंद शटरला हात लावून हमसून हमसून रडली. मी खिडकीतून बघत होतो. आपल्यासाठी ही इतकी रडेल का, असं माझ्या मनात आलं. लाज वाटली, पण आलं.

आता पोरं माझ्या खिडकीशी येतात. गेल्या महिन्यात दवनीवाड्याची एक मुलगी आली. इतक्या लांबून, एकटीच. "सर, आमाले किती भेटन?" मी फाईल उघडली, पुन्हा मिटली. ऑफिसात ही बोली मी कधी बोललो नव्हतो. "बापाले आन," मी म्हणालो. ती दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन आली. मी त्यांना बसवलं, सगळं विचारलं आणि पाठकोऱ्या कागदावर एक आकडा लिहून दिला. मुद्दाम कमी लिहिला.

समोसा अजून कुणी आणलेला नाही. वाट बघतो आहे.