हट्ट्याचा व्होल्वा

हट्टा गावच्या हरिचंदचा बाप कावीळ उतरवायचा. लोक त्याला जाणता म्हणत. बापाला निदान चार झाडपाले ओळखता येत. हरिचंदला तेही येत नाहीत. त्याला मोबाइल येतो.

जादूटोणाविरोधी कायद्याची धास्ती बसल्यावर त्याने दारावरचे 'जाणता' पुसले आणि मोबाइलवर सापडलेले दोन शब्द रंगवून घेतले : 'ड्रुइड व व्होल्वा'. ड्रुइड म्हणजे जुन्या केल्ट लोकांचा पुरोहित. व्होल्वा ही नॉर्स लोकांची, हातात काठी धरून भविष्य सांगणारी बाई. झुपकेदार मिशांचा हरिचंद स्वतःला बाई म्हणवून घेत होता. पुढची ओळ वाचण्याची तसदी त्याने घेतली नव्हती.

गावाने ड्रुइडची दुरडी केली आणि व्होल्वाचा वॉल्व.

गेल्या उन्हाळ्यात पंचफुलाबाई सून दीपमालाला त्याच्याकडे घेऊन आली. सून सात महिन्यांची गरोदर, डोळे पिवळेजर्द, पोटात अन्न ठरेना. ही त्यांची तिसरी खेप होती. हरिचंदने रेघोट्या कोरलेले खडे पुन्हा मांडले आणि बजावले, "मावशी, सुई टोचली की खड्याचा गुण येत न्हाई."

तेवढ्यात शेजारच्या वाडीचा ज्ञानबा विहिरीवरच्या मोटारीचा फुटवॉल्व घेऊन ओसरीत आला.

"हरिभाऊ, ह्यो पाणी धरून न्हाई राहिला."

"हितं वॉल्व दुरुस्त व्हत न्हाईत."

"मंग काहून लिव्हलं? बरं, दुरडी तरी दाखव."

ग्लानीतही दीपमाला हसली. मग तिने विचारले, "म्हाराज, त्या शब्दाचा अर्थ काय?"

"जाणता. बाहेरदेशी तसंच म्हंतेत."

"मंग जाणताच लिव्हायचं की."

"त्याच्यावर पोलीस धरतेत, पोरी," हरिचंद बोलून गेला.

पंचफुलाबाई ताडकन उठली. "म्हंजी तुझ्या दारात सापडलो तर आमाला बी धरतेन?"

सुनेच्या पिवळ्या डोळ्यांनी जे झाले नाही, ते पोलिसांच्या नावाने झाले. ज्ञानबाने रस्त्यावरचा ऑटो थांबवला. दोघी वसमतच्या दवाखान्यात पोहोचल्या.

दीपमाला वाचली. लेकरू वाचले नाही.

हरिचंद सांगतो, सासू खडे अर्धवट टाकून उठली, म्हणून तसे झाले. लोक ऐकून घेतात. पंचफुलाबाईही.